नंबर असूनही दर वेळी दोन तास जातात? नेमकं कुठे अडतं ते असं शोधा

ठाण्यात नौपाड्यातला एका खोलीचा दवाखाना असो, नवी मुंबईत वाशीतलं मोठं खाजगी रुग्णालय असो की कळव्याची महापालिकेची ओपीडी, तक्रार एकच ऐकू येते: अपॉइंटमेंट होती, वेळेत पोचलो, तरी अख्खी दुपार गेली. ओपीडीच्या खिडकीमागून हे रोज दिसतं. रोज दिसतं म्हणूनच खात्रीने सांगता येतं की या उशिराचे दोन भाग असतात. एक भाग डॉक्टरांच्या वेळापत्रकाचा, तो आपल्या हातात नाही. दुसरा भाग कागद, पत्ता, तयारी आणि प्रवास यांत अडकलेला असतो, आणि तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा निघतो.

लक्षणं

आपल्या बाबतीत यातलं काय घडतं ते आधी ठरवा. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

- ११ ची वेळ, १०:५५ ला हजर, आत जायला साडेबारा. दर वेळी असंच.
- घरातून वेळेत निघता, पण खिडकीपाशी जाईपर्यंत नाव पुकारून झालेलं असतं.
- आत जाता आणि डॉक्टर विचारतात, "मागचा रिपोर्ट कुठे आहे?" मग बाहेर, मग पुन्हा रांग.
- तपासणीच होत नाही, कारण सकाळी चहा झाला होता किंवा नुकतीच लघवी करून आलात.
- बसल्या बसल्या घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे लक्षण बाकीच्यांच्या जातीचं नाही. घरात मधुमेही असेल तर खालचा "बसल्या जागी" हा भाग सगळ्यात आधी वाचा.

आता तपासण्या. सुरुवात फुकटातल्यापासून.

१. मिळालेली वेळ कसली आहे?

एक फोन पुरतो, आणि सगळ्यात जास्त फायदा याच फोनने होतो. "११ वाजता या" याचे किमान तीन अर्थ असतात. ११ ला तुम्ही एकटेच. किंवा ११ ते साडेअकरा या अर्ध्या तासाला सहा जण, जो आधी आला तो आधी. किंवा ११ ला फक्त नोंदणी, नंबर त्यानंतर. दवाखाने हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते उघड असतं.

म्हणून नंबर लावतानाच विचारा: "या वेळेला आणखी किती जण आहेत? माझा नंबर कितवा? डॉक्टर ओपीडीला कुठून येतात?" शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण उत्तर खूप काही सांगून जातं. डॉक्टर वॉर्डातला राउंड संपवून किंवा ऑपरेशन थिएटरमधून येणार असतील, तर ओपीडी सुरू होण्याची वेळ ही इच्छा असते, वेळ नसते. ऑपरेशन लांबलं तर ते अर्धवट सोडून कोणी खाली येणार नाही, आणि येऊही नये. सर्जनकडे जायचं असेल तर ऑपरेशनचे वार विचारून ते दिवस टाळा.

उशीर कसा साठत जातो याचा हिशेब एकदा मांडून बघा. अर्ध्या तासाला सहा जण म्हणजे माणशी ५ मिनिटं. प्रत्यक्षात माणशी सरासरी ८ मिनिटं लागली तर सहा जणांना ४८ मिनिटं, म्हणजे दर अर्ध्या तासामागे १८ मिनिटांची उधारी. १० ला सुरू झालेली ओपीडी १२ वाजेपर्यंत ७२ मिनिटं मागे पडलेली असते. कोणी आळस केलेला नसतो, एकही रुग्ण मध्ये घुसलेला नसतो, तरीही. त्यामुळे १०:१५ च्या माणसाला दवाखाना शिस्तीचा वाटतो आणि १२ च्या माणसाला बेशिस्त. राउंडचा किंवा ऑपरेशनचा अडसर नसेल तर सत्रातली पहिली-दुसरी वेळ मागा. सकाळची मिळाली नाही तर संध्याकाळच्या सत्राची पहिली घ्या. सत्राच्या मधली वेळ मात्र टाळा.

नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर तेही फोनवरच सांगा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी वेळ ठेवलेली असते. नसेल तर "दोनच मिनिटं" म्हणत दारात उभं राहू नका. अशी आठ-दहा "दोन मिनिटं" झाली की बाहेर बसलेल्यांचा अर्धा तास जातो.

२. पत्ता, पूर्ण पत्ता

हे वाचून हसू नका. नवी मुंबईत चुकीच्या ठिकाणी पोचलेले लोक आठवड्याला भेटतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने प्रत्येक उपनगरात सेक्टरचे आकडे नव्याने सुरू केले. त्यामुळे "सेक्टर १०" वाशीत आहे आणि नेरुळमध्येही आहे. रिक्षावाल्याला नुसता सेक्टर सांगितला तर तो आपण ज्या उपनगरात उभे आहोत तिथलाच धरतो. उपनगराचं नाव आधी, मग सेक्टर, मग प्लॉट आणि इमारत.

साखळी रुग्णालयं आणि लॅब यांच्या दोन-तीन शाखा असतात. मेसेजमध्ये शाखेचं नाव शेवटच्या ओळीत असतं, तिथवर वाचा. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड या भागात कित्येक दवाखाने जुन्या इमारतींत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. गुडघ्याच्या रुग्णाला न्यायचं असेल तर लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. जिन्याखाली उभं राहून कळण्यात काही अर्थ नाही.

३. फाइल

वीस रुपयांची प्लास्टिकची फाइल आणि आदल्या रात्रीची दहा मिनिटं. सगळ्यात वर शेवटचं प्रिस्क्रिप्शन, त्याखाली ताजे रिपोर्ट, मग जुने, शेवटी डिस्चार्ज कार्ड. एक्स-रे, एमआरआयच्या नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, फिल्म किंवा सीडीही घ्या; हाडांच्या डॉक्टरांना चित्र स्वतः बघायचं असतं. चालू औषधांची यादी मिलिग्रॅमसकट एका कागदावर. "ती पांढरी छोटी गोळी" यावरून काहीही ओळखता येत नाही आणि त्या शोधात तुमची ८ मिनिटं संपतात. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्याच कागदावर लाल पेनाने.

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आधी केस पेपर. केस पेपरची खिडकी ओपीडीच्या आधी बंद होते. डॉक्टर बसलेले दिसतात पण पेपर मिळत नाही, याचं कारण तेच. जुना पेपर जपून ठेवला असेल तर बराच त्रास वाचतो. काही रुग्णालयांत आभा खात्याचं (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) "स्कॅन अँड शेअर" आहे: दारातला क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीच्या खिडकीवर जातो आणि टोकन फोनवर येतं. आभा क्रमांक १४ आकडी असतो. तो घरी बसून काढून ठेवा, रांगेत ओटीपीची वाट बघत नको. ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) लाभार्थी असाल तर रेफरलचा कागद सगळ्यात आधी फाइलमध्ये घाला, कारण तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

रिपोर्ट कधी मिळणार ते लॅबला विचारूनच डॉक्टरांची वेळ घ्या. रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. लघवीच्या किंवा रक्ताच्या कल्चरला साधारण दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढायलाच तेवढा वेळ लागतो. तिथे घाई करून उपयोग नाही. बायोप्सीला त्याहून जास्त.

४. तपासणीची तयारी

सर्वाधिक फेऱ्या इथे फुकट जातात, म्हणून जरा सविस्तर.

*उपाशीपोटीची साखर.* ८ ते १० तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. मधुमेहाची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे, साखर खाली घसरते. रात्रीच्या लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा नियम वेगळा असतो, म्हणून तपासणी लिहून देतानाच डॉक्टरांना विचारा: "त्या दिवशी सकाळी कोणतं औषध घ्यायचं, कोणतं नाही?" आणि रक्त द्यायला गेल्यावर मधुमेह आहे हे खिडकीवर सांगा. बहुतेक लॅब अशांना आधी घेतात, पण न सांगता त्यांना कळणार कसं?

*जेवणानंतरची साखर.* दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. नेहमीचं जेवण, नेहमीची औषधं. इथली नेमकी चूक अशी होते: ९ ला नाश्ता, ११ ला रक्त, आणि डॉक्टरांची वेळ साडेदहाची घेतलेली. ११ ला तुम्ही डॉक्टरांच्या रांगेत अडकता आणि रक्त पावणेबाराला जातं. तो आकडा मग दोन तासांचा राहत नाही, त्यावरून औषध ठरवता येत नाही, आणि तपासणी पुन्हा होते. दोन्ही कामं एका सकाळी बसवायचा हट्ट सोडा. एचबीए१सीला (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) मात्र उपाशी राहावं लागत नाही, ती कधीही देता येते.

*थायरॉइड.* उपाशी राहायलाच हवं असं नाही, पण त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. बायोटिनमुळे काही पद्धतींत आकडे चुकीचे येतात. डॉक्टर सहसा दोन-तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात.

*पोटाची सोनोग्राफी.* ६ ते ८ तास उपाशी. खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटाची सोनोग्राफी असेल तर मूत्राशय भरलेलं हवं: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी आणि मग लघवीला जायचं नाही. पाणी घरून पिऊन निघू नका. ऐरोलीहून निघालात, पुढे कोंडी लागली, तर पोचेपर्यंत धीर सुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिथे पोचा, नंबर किती पुढे आहे ते विचारा, मग प्यायला सुरुवात करा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर हे आधी सांगा.

*डोळे.* बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की २०-३० मिनिटं बसावंच लागतं. तो उशीर धरू नका, तपासणी सुरूच असते. त्यानंतर चार ते सहा तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. स्कूटर चालवत जाऊ नका. गॉगल आणि सोबतीला माणूस न्या.

*रंगद्रव्य टोचून होणारा सीटी स्कॅन.* क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात, कारण ते द्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं. रिपोर्ट नसेल तर परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. एमआरआयला शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड असेल तर वेळ घेतानाच सांगा, त्या दिवशी टेबलावर झोपल्यावर नाही.

५. प्रवास उलटा मोजा

वेळ गेटपर्यंतची धरू नका, खिडकीपर्यंतची धरा. ११ ची वेळ असेल तर १०:४० ला खिडकीपाशी. त्या २० मिनिटांचा उपयोग आहे: नोंदणी, पैसे, वजन आणि रक्तदाब. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजला तर वाढलेला येतो. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर मोजायचा असतो, आणि त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवी लागलेली असेल तरीही आकडा वाढतो. धावपळीत घेतलेल्या रक्तदाबावरून गोळी वाढणं हे उशिरापेक्षा मोठं नुकसान आहे.

खिडकीपासून मागे मोजत या. लिफ्ट आणि जिना, मोठ्या रुग्णालयात १० मिनिटं. पार्किंग, वाशीत सेक्टर १७ ला किंवा नौपाड्यात १५ ते २०. सम-विषम तारखेच्या पार्किंगची पाटी वाचा, नाहीतर आत बसल्यावर लक्ष गाडीकडेच राहतं. मग रस्ता. कासारवडवली, मानपाड्याकडून माजिवड्याला येणाऱ्यांनी घोडबंदर रोडला नकाशा ॲप जो वेळ दाखवतं त्यात निम्मा आणखी मिळवा. पावसाळ्यात दुप्पट धरा.

ट्रान्स हार्बर लोकलने (ठाणे ते वाशी-पनवेल) जात असाल तर ठाण्याला इंडिकेटर वाचून चढा. तुर्भ्यानंतर फाटा आहे: वाशीची गाडी सानपाड्याला वळते, नेरुळ-पनवेलची जुईनगरकडे जाते. नेरुळला जायचं आणि वाशी गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. रविवारी तपासणी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा.

एवढं करूनही उशीर होतोच. तेव्हा रस्त्यातून फोन करा: "पंधरा मिनिटं उशीर होतोय, पुढच्याला आत घ्या." खिडकीवरच्या माणसाला याने खरंच मदत होते आणि तुमचा नंबर बहुधा दोन-तीन जणांनी मागे सरकतो, शेवटी टाकला जात नाही. यायचंच नसेल तर आदल्या दिवशी रद्द करा. त्या जागी कोणाचं तरी आजारी मूल बसू शकतं.

६. बसल्या जागी

आल्या आल्या खिडकीवर तोंड दाखवा. कोपऱ्यात जाऊन बसलेला माणूस यादीत "आलेला नाही" असाच राहतो. नाव पूर्ण सांगा. आपल्या भागात "पाटील" अशी हाक आली की चौघे उठतात, "म्हात्रे" म्हटलं तरी तेच. कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांचं श्रवणयंत्र घरी राहिलं तर त्यांचा नंबर हमखास हुकतो. त्यांना दाराजवळ बसवा आणि तसं खिडकीवर सांगून ठेवा.

वेळ उलटून अर्धा तास झाला की एकदा विचारा. "अजून किती वेळ?" असं विचारू नका, त्याला "पाच मिनिटं" हेच उत्तर मिळतं. "माझ्या आधी किती जण आहेत?" असं विचारा. लागोपाठ तीन रुग्ण आत किती मिनिटं होते ते घड्याळात बघा, सरासरी काढा, गुणाकार करा. सात जण आणि सरासरी ९ मिनिटं, म्हणजे तासभर. तेवढ्यात खाली जाऊन खाऊन येता येतं, फक्त सांगून जा. माणसाचा धीर सुटतो तो पुढे काय आहे ते न कळल्यामुळे. आकडा कळला की तोच तास सुसह्य होतो.

कोणाला तरी स्ट्रेचरवरून थेट आत नेलं तर रांग थांबणारच. तिथे वाद घालू नये, एवढी विनंती आहे. त्या स्ट्रेचरवर उद्या आपल्या घरचं कोणी असू शकतं.

मधुमेही माणसाजवळ साखर किंवा ग्लुकोज, बिस्किटं, पाणी आणि दुपारचं औषध हवंच. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की नंबरची वाट न बघता नर्सला सांगा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर परत द्या. आधी बिस्किट देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर हळू चढते, ते नंतर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

७. सगळं नीट करूनही तसंच?

तीन भेटींची नोंद ठेवा: दिलेली वेळ, आत गेल्याची वेळ, वार. तिन्ही वेळा तासाच्या वर गेला आणि तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं, तर दोष तिकडचा. नोंद दाखवून खिडकीवर शांतपणे दुसरा वार मागा. मोठ्या रुग्णालयात रुग्णसेवा विभाग किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. सरकारी ठिकाणी समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. एकटे वृद्ध, अपंग रुग्ण यांच्यासाठी तिथून खूप गोष्टी सुटतात, पण लोक त्या दारापर्यंत जातच नाहीत.

जुन्या आजाराची साधी फेरतपासणी असेल तर व्हिडिओवर होईल का ते विचारा. २०२० पासून देशात त्याचे अधिकृत नियम आहेत. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. पोट दाबून, छाती ऐकून बघायची गरज असेल तिथे मात्र व्हिडिओ चालत नाही. आणि डॉक्टर बदलणं, दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात संकोच नको, फक्त सगळे कागद सोबत न्या. उपचार अर्धवट असताना निव्वळ रागाच्या भरात बदलू नका.

इथे थांबा, नंबर सोडा

धीर धरणं हे वाट बघू शकणाऱ्या आजारासाठी असतं. खालचं काही दिसलं तर अपॉइंटमेंट विसरा आणि सरळ कॅज्युअल्टीत जा किंवा १०८ ला फोन करा. संध्याकाळच्या वेळेची वाट बघणं इथे जिवावर बेतू शकतं.

- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम. "गॅस असेल" म्हणून तास घालवू नका.
- चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोबडं बोलणं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथेच न्या.
- तीन महिन्यांहून लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. केमोथेरपी चालू असलेल्यालाही एवढा ताप पुरे.
- गरोदर बाईला रक्तस्राव, किंवा बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं.
- डेंग्यूचा ताप उतरल्यावर पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं. ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायची ही वेळ नाही, धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात.
- साचलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या प्रचंड दुखणं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्याच दिवशी दाखवा आणि पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- श्वास घेताना वाक्य पूर्ण बोलता न येणं, फिट येणं, शुद्ध हरपणं.

ओपीडीत बसलेले असतानाच यातलं काही सुरू झालं तर उठून खिडकीवर सांगा: "आत्ता, याच क्षणी त्रास होतोय," आणि काय होतंय ते एका वाक्यात. लाजून, पुढच्याचा नंबर जाईल म्हणून बसून राहिलेले रुग्ण असतात, बहुतेक वयस्कर. त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी तरी उठावं.

१०८ ला पत्ता सांगताना तोच क्रम: उपनगर, सेक्टर, प्लॉट, इमारत, जवळची मोठी खूण. एक जण खाली गेटवर उभा करा, वॉचमनला लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायला सांगा, आणि ती फाइल रुग्णाच्या हातात नको, सोबत जाणाऱ्याच्या हातात द्या.